कीड न लागलेला भंडारा

आमच्या भागात मला सगळे डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमची अपेक्षा उगाच वाढायची. मी भीमराज, उपकेंद्राचा आरोग्य कर्मचारी. घरोघर फिरायचं, तापाचा माणूस दिसला की बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, दारावर गेरूनं तारीख लिहायची, आणि साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे. साखरा, पुसेगाव करत करत मी त्र्याण्णव साली वसमतकडच्या एका गावी बदलून आलो. तिथंच सटवाजी भेटला. त्याच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं टाळत होतो, कारण त्याच्या हातून जे घडलं त्यात अर्धा वाटा माझा आहे.

सटवाजी धनगर. साठीला आलेला, उंच, डोक्याला पांढरं पागोटं, खांद्यावर घोंगडी. मेंढ्या त्याचा मुलगा हनुमान सांभाळायचा, वर्षातले आठ महिने कळप घेऊन बाहेरच असायचा. सटवाजीकडं दोन कामं होती. गावाबाहेरच्या माळावर खंडोबाचं लहानसं देऊळ होतं, त्याचा तो पुजारी. आणि देवळाच्या मागं हळदीचा बंद पडलेला कारखाना होता, त्याचा तो राखणदार.

कारखान्यात पूर्वी हळद शिजवायचे, वाळवायचे, मोठाल्या लोखंडी ढोलांत घोळून तिला चकाकी आणायचे आणि पोती भरून वसमतच्या बाजाराला पाठवायचे. मी गावात आलो त्याच साली मालक भावकीच्या भांडणात सगळं बंद करून निघून गेला. जाताना किल्ल्यांचा जुडगा सटवाजीच्या हातात दिला आणि "मी येईपर्यंत बघ" म्हणाला. मालक आला नाही आणि पगारही आला नाही. सटवाजी मात्र रोज सकाळी देवाला पाणी घातलं की कारखान्याला फेरी मारायचा आणि एकेक कुलूप ओढून बघायचा. पोरं त्याला चिडवायची, "मामा, शेठ मेला असंल आता."

"मेला असंल तं त्याचं भूत किल्ली मागाया येईन," सटवाजी म्हणायचा. "मंग त्याला काय सांगू?"

मी बौद्ध. आमच्या घरात देव नाहीत. सटवाजी येईल त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, पण माझ्यापुढं त्यानं कधी हात केला नाही, आणि मी त्याच्या देवाला कधी हसलो नाही. आमच्यात तेवढं न बोलता ठरलेलं होतं. त्याचा मला फार अभिमान होता. शहाणी माणसं दुसऱ्याच्या देवात तोंड घालत नाहीत, असं मी स्वतःला सांगायचो.

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी पावसाळा सरता सरता गावात हिवतापाची साथ आली. घरातली सगळी रांजणं, हौद तपासून झाले तरी डास हटेनात. मी सटवाजीला म्हणालो, "मामा, कारखाना उघडा. आत टाकी असतील."

सहा वर्षांनी ते फाटक उघडलं. दुपारची वेळ होती, तरी आत शिरल्यावर माझा पाय अडखळला. सगळं पिवळं होतं. जमीन पिवळी, भिंती पिवळ्या, ढोलांवर बोटभर पिवळी धूळ. छपराच्या पत्र्याला भोकं पडली होती, त्यातून उन्हाच्या काठ्या उतरल्या होत्या आणि त्यांतही पिवळं तरंगत होतं. कोळ्यांची जाळी पिवळी होऊन लोंबत होती. चिमण्यांनी कुठंतरी घरटं केलं होतं, तेही पिवळं, आणि त्यात तीन अंडी तशीच वाळून गेलेली. सटवाजी तोंडावर घोंगडीचा पदर धरून पुढं चालला होता. आमच्या पावलांचे ठसे मागं उमटत होते आणि का कोण जाणे, मी सारखा वळून तेच बघत होतो.

हळद शिजवायचं टाकं शेवटच्या छपराखाली होतं. त्यात कमरेइतकं पाणी, वर तवंग. मी बरणीतले मासे सोडले. मग माझी नजर कोपऱ्यातल्या कोठीवर गेली. लोखंडी दार, मोठं कुलूप.

"ही मी बी आजवर उघडली न्हाई," सटवाजी म्हणाला. "शेठ सवता उघडायचा."

"मग राहू द्या. पण आत पाणी साचलेलं असलं तर साथ हटायची नाही."

हे मी म्हणालो. माझी कामाची खुमखुमी. सटवाजीनं घटकाभर विचार केला आणि जुडग्यातली किल्ली शोधली.

कोठीत पाणी नव्हतं. पत्र्याची बारा-तेरा पिंपं होती. एकाचं झाकण गंजून आत गेलं होतं, आणि आत पिवळीधमक भुकटी. बाहेरची धूळ तिच्यापुढं मळकट वाटावी अशी. मी डोळे फाडून चहूकडं बघितलं. माझी अख्खी नोकरी किड्यामुंग्यांच्या मागं फिरण्यात गेली. त्या कोठीत मुंगी नव्हती, पाल नव्हती, कोळ्याचं एक जाळं नव्हतं. किडा नसलेली जागा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"वास नाही हो हिला," मी चिमूट नाकाशी नेऊन म्हणालो. "आणि मुंगीसुद्धा नाही इथं, मामा."

सटवाजी पिंपाजवळ उभा होता. त्यानं हात आत घातला, मूठभर वर काढली, बोटांतून गाळली. हळदीच्या मुलखातला माणूस तो. घरची हळद दोन पावसाळ्यांत भुंगे लागून पोखरून जाते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"सहा वर्सं," तो हळूच म्हणाला. "सहा वर्सं झाली अन् कीड न्हाई लागली."

मग त्यानं पायातल्या वहाणा काढल्या. चिमूटभर कपाळाला लावली, चिमूटभर जिभेवर ठेवली. माझ्याकडं वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "ही इकायची हळद न्हाई, डॉक्टर. देवानं राखून ठिवलेला भंडारा हाय ह्यो. गाव मला येडा म्हनून राहिलं, फुकटचा राखणदार म्हनून राहिलं. देवानं मला हितं काहून बसवलं ते आज कळलं."

सहा वर्षांच्या फुकट राखणीला त्याला अर्थ सापडला होता. तो मी कोणत्या तोंडानं काढून घेणार? मी गप्प बसलो. "देवापुरता घेतो," तो म्हणाला. "शेठ आला की सांगीन त्याला."

आठ दिवसांनी टाक्यावर गेलो तर एकही मासा दिसला नाही. बेडकांनी खाल्ले असतील म्हणून पुन्हा सोडले. दुसऱ्याच दिवशी सगळे पोट वर करून तरंगत होते. मी वहीत "मासे सोडले" एवढं लिहिलं, मेल्याचं लिहिलं नाही, आणि पुन्हा तिकडं गेलो नाही. डास मात्र त्या टाक्यात नव्हतेच. अळीसुद्धा नव्हती.

त्या साली चंपाषष्ठीला सटवाजीनं नवा भंडारा उधळला आणि गाव बघत राहिलं. असा रंग कुणी पाहिला नव्हता. कपाळाला लावला तर दोन दिवस निघेना, देवळाच्या भिंतीला लागला तो पावसानंही गेला नाही. बातमी पसरली. शेजारच्या तांड्यावरून माणसं यायला लागली, माळेगावच्या यात्रेला जाणारे वाट वाकडी करून यायला लागले. सटवाजी कुणाकडून काही घेत नसे. चिमूट कपाळाला, चिमूट जिभेवर आणि घरी ठेवायला कागदाची पुडी. बाळंतीण पाचवी झाली की लेकरू घेऊन यायची, त्याच्याही जिभेवर बोट टेकवायचा. हलक्या हातानं द्यायचा तो, आणि प्रत्येक लेकराला नाव विचारायचा.

पुढच्या दोन वर्षांत माझ्याकडं पोटाची माणसं वाढली. पोटात पीळ पडतो, चार-चार दिवस कोठा साफ होत नाही, तोंडाला गोडसर-तुरट चव येते. लेकरं पांढरी पडायला लागली. मी जंताच्या गोळ्या द्यायचो, लोहाच्या गोळ्या द्यायचो. गोळीनं गुण नाही आला की माणसं सटवाजीकडं जायची, आणि तो भंडारा द्यायचा. पोट जास्त दुखलं की भंडारा जास्त. आमचा दोघांचाही धंदा जोरात चालला होता, असं मी तेव्हा थट्टेनं म्हणायचो. आता ती थट्टा आठवली की लाज वाटते.

सटवाजी स्वतः खंगत चालला होता. हातातली काठी गळून पडायची. मनगट वर उचलायला गेला की पंजा खालीच लोंबायचा. हिरड्यांच्या कडेला काळी-निळी रेघ उमटली होती. "तंबाखू सोडा आता," मी सांगितलं. तेवढंच सांगितलं.

मग राजनंदिनी आजारी पडली. हनुमानची मुलगी, तीन वर्षांची. सटवाजीचा सगळा जीव त्या पोरीत. ती देवळात त्याच्या मांडीवर वाढलेली, पुड्या बांधताना त्याच्याशेजारी बसून बोटं चोखणारी. अखंड बडबडायची. मला बघितलं की "डॉक्टल आला, बोट लपवा" म्हणून ओरडायची. त्या पावसाळ्यात तिची बडबड कमी झाली. खाईना, पोट धरून रडायची, भिंतीच्या मातीचे पोपडे खायची. चालताना झोक जायला लागला. सटवाजी तिला दिवसातून तीनदा भंडारा द्यायला लागला. एके दिवशी तिची आई साधना धावत उपकेंद्रावर आली. पोरीला झटका येऊन गेला होता.

"भाऊ, मामंजीला कायबी बोलू नका," ती म्हणाली. "पर माज्या लेकराला कुठंबी न्या. हितं ती जगत न्हाई."

हनुमान कळप घेऊन लांब होता. आम्ही वसमतहून नांदेडची एस.टी. धरली. सटवाजी हट्टानं बरोबर आला. पोरगी साधनाच्या मांडीवर, तो शेजारी. अर्ध्या वाटेत त्यानं कमरेची पुडी सोडली, बोट बुडवलं आणि राजनंदिनीच्या ओठांत सारलं. ते मी बघितलं. त्या क्षणी माझ्या मनात मेलेले मासे आले नाहीत असं मी म्हणणार नाही. पण म्हातारा पुटपुटत होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. नांदेड येईस्तोवर तिला दुसरा झटका आला.

लहान मुलांचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पोरीला सुई दिली, सलाईन लावलं, मग तिची नखं बघितली, ओठांच्या कोपऱ्यातला पिवळा डाग बघितला. मान वर करून सटवाजीकडं बघितलं आणि म्हणाले, "बाबा, तोंड उघडा जरा." हिरड्या बघितल्या. "तिला काय देता तुम्ही?"

सटवाजीनं पुडी पुढं केली. डॉक्टरांनी पेला भरून पाणी मागवलं आणि चिमूटभर भुकटी त्यात सोडली. ती न तरंगता सरळ तळाला जाऊन बसली.

"यात हळद नावालासुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. "हा रंग आहे. जुन्या हळदीला चकाकी यावी म्हणून काही लोक चोरून लावतात. यात शिसं असतं. विष आहे हे."

"देवाचा भंडारा हाय त्यो," सटवाजी म्हणाला. "सहा वर्सं कीड न्हाई लागली त्याला."

"किडा शहाणा असतो, बाबा."

सटवाजीनं पेल्याकडं बघितलं, मग आपल्या बोटाकडं. ते बोट त्यानं धोतराला पुसलं, पुन्हा पुसलं, पुसतच राहिला. साधना सासऱ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मला वाटलं, तिनं ओरडावं, निदान मला तरी दोन शिव्या द्याव्यात.

शिसं अंगातून काढायची इंजेक्शनं हैदराबादहून मागवावी लागली. चोवीस दिवसांनी पोरगी घरी आली. चालायला लागली, खायला लागली. बडबड काही परत आली नाही. आई, पाणी, नको, असे चार-पाच शब्द राहिले. मला बघून ती बोट लपवायचीही विसरली होती.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सटवाजी माझ्याकडं आला. "डॉक्टर, पिशवी घ्या अन् माज्यासंगं चला. दिलेला भंडारा परत मागायचा हाय."

दिलेला भंडारा परत मागायचा नसतो. आजवर कुणी मागितला नव्हता. आम्ही घरोघर हिंडलो. पहिल्या दोन-चार घरांत माणसं गोंधळली. मग गावात कुजबुज सुरू झाली. मी शिशाचं, विषाचं समजावून सांगायचो आणि लोक माझ्याकडं न बघता सटवाजीकडं बघायचे. एक जण तोंडावरच म्हणाला, "तुमी बौद्ध. तुमाला आमचा देव काय कळतो? मामाचं डोकं तुमीच फिरवून राहिले." मी इतकी वर्षं जे मौन पाळलं होतं त्याची किंमत तेव्हा कळली. ज्यानं कधी देवाविषयी शब्द काढला नाही, त्यानं आज काढला म्हणजे त्यात काहीतरी डाव असणार, असा त्यांचा हिशेब.

तांड्यावरची जिवनबाई तर भडकलीच. तिची सून नुकती बाळंत झाली होती. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती दारात उभी राहिली. "तुझी नात मरनाच्या दारातून आली, सटवाजी. कशानं आली? रोज तीन बार भंडारा भेटला म्हनून आली. आता तुझं लेकरू वाचलं अन् आमचा परत नेतो व्हय? आमच्या लेकरानं मरावं?"

"जिवनबाई, इख हाय ते," सटवाजी म्हणाला. "तुज्या पाया पडतो. इख हाय."

ती आत गेली आणि आमच्या देखत चिमूट आणून पाच दिवसांच्या नातवाच्या जिभेवर ठेवली. दिवसभरात आम्हाला चार पुड्या मिळाल्या. त्यांतली एक रिकामी होती.

त्यानंतर पुड्यांचं महत्त्व आणखी वाढलं. पुजारी परत मागतो म्हणजे त्यात केवढी शक्ती असेल! मी वर कागद पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. कोठीचं कुलूप दोनदा फोडायचा प्रयत्न झाला. सटवाजी आता दिवसभर कोठीच्या दाराला पाठ लावून बसायचा, आणि माणसं त्याच्या पाया पडून जायची. चंपाषष्ठी तोंडावर आली होती. त्या दिवशी पंचक्रोशीतली सगळी लेकरं येणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

चंपाषष्ठीला दुपारी माळ माणसांनी भरला. ढोल वाजायला लागले. दरवर्षी याच वेळी सटवाजीच्या अंगात यायचं. मी देव मानत नाही, पण ते सोंग नसायचं, एवढं सांगतो. पोटऱ्यांपासून थरथर चढायची, डोळे पांढरे व्हायचे, आवाज बदलायचा, आणि नंतर त्याला काहीच आठवायचं नाही. त्या दिवशी तो देवापुढं बराच वेळ उभा राहिला. ढोलवाले घामाघूम झाले. काही घडेना. सटवाजीनं एकदा वळून गर्दीकडं बघितलं. पहिल्या रांगेत बायका तान्ही लेकरं घेऊन उभ्या होत्या.

मग त्यानं डोळे मिटले आणि थरथरायला लागला. खांद्यांपासून.

"ह्यो भंडारा माझा न्हाई!" तो ओरडला. गर्दी चपापली. "माझा राखणदार चोर हाय! बंद कोठी उघडून त्यानं परायाचा माल उचलला, मालकाला न ईचारता! चोरीचा भंडारा मला लावला! ज्याच्या घरात ह्या भंडाऱ्याचा कण राहीन त्याच्या वंशाला दिवा ऱ्हानार न्हाई! आना! आनून गाडा!"

जे शिशाचं सांगून झालं नाही ते या शापानं झालं. माणसं घराकडं पळाली. पुड्या, डबे, देव्हाऱ्यातल्या वाट्या, सगळं आलं. जिवनबाई धापा टाकत आली. गड्यांनी पाण्यापासून लांब, माळाच्या टोकाला पुरुषभर खड्डा खणला आणि कोठीतली पिंपं लोटून त्यात घातली. दगड लोटले, माती लोटली. सगळ्यांनी सगळं आणलं असेल, अशी माझी खात्री नाही. पण पुढच्या वर्षभरात पोटाची माणसं कमी होत गेली, कुणा तान्ह्याला झटका आल्याचं ऐकू आलं नाही.

जाता जाता माणसं सटवाजीवर थुंकून गेली. दुसऱ्याच आठवड्यात देवळाला नवा पुजारी नेमला. तीस वर्षं ज्याच्या पाया पडले त्याला पोरं चोर म्हणून हाका मारायला लागली.

त्या दिवशी माळ रिकामा झाल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. तो खड्ड्याच्या कडेला बसला होता. पागोटं सुटून गळ्यात आलं होतं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आज देव आला न्हवता."

"माहीत आहे, मामा."

"त्याला बी माहीत हाय."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो?

पुढं चार वर्षं मी त्या गावात होतो. दर चंपाषष्ठीला सटवाजी यायचा, गर्दीच्या मागं, सगळ्यांपासून लांब उभा राहायचा. पागोटं काढून काखेत धरायचा, डोळे मिटायचा आणि वाट बघायचा. ढोल तासभर वाजायचे. त्याच्या अंगात पुन्हा कधी आलं नाही. ढोल थांबले की तो पागोटं डोक्यावर ठेवायचा, राजनंदिनीचं बोट धरायचा आणि तिच्या चालीनं, हळूहळू, घराकडं निघायचा.